तिसांत एक

मुकुंदवाडीतल्या जुन्या माणसांना बानाबाई आठवते ती शाळेच्या पायरीवर बसलेली. शहाऐंशी साल असेल. तिच्या लेकीला, ठकूला, शाळेत घ्यायला हेडमास्तर राजी नव्हते. "पोरगी मंद आहे, बाई. तिच्यापायी बाकीची पोरं बिघडतील," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. बानाबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वक्ताला ती ठकूला घेऊन आली आणि वर्गाच्या दाराबाहेर पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कंपनीत तिची पाळी दुपारची, त्यामुळं सकाळ मोकळी होती. अकराव्या दिवशी पहिलीच्या बाईंनाच राहवलं नाही. त्यांनी ठकूचा हात धरला आणि तिला आत नेऊन मागच्या बस्करावर बसवलं. हेडमास्तर काही बोलले नाहीत. बोलले असते तरी बानाबाईकडं बारावा दिवस होताच.

ती बिडकीनकडची. बाप कडुबा मेंढरं राखायचा, आणि चालायला लागल्यापासून तीही मेंढरांमागं हिंडलेली. लग्न होऊन मुकुंदवाडीला आली तेव्हा सासरीही मेंढरंच होती. पण चिकलठाण्याच्या माळावर जिथं कळप बसायचा तिथं बघता बघता पत्र्याची शेडं उभी राहिली, भोंगे वाजायला लागले. नवरा मुंजाबा काठी टाकून एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. पुढं बानाबाईही औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करायच्या कामाला लागली. हातात हातमोजे, डोक्याला टोपी, आणि टोपीखाली हिरव्या काठाचा पदर, तो मात्र तिनं कधी काढला नाही.

लग्नानंतर सहा वर्षं कूस उजवली नाही. मग ठकू झाली. लेकरू मऊ, गोरटेलं, डोळे तिरपे, मान लुळी. दूध ओढायचं नाही. बानाबाईला वाटायचं, आपल्याच दुधात खोट आहे. तिनं अंगारे केले, उपास धरले, जेजुरीला पायी जायचा नवस बोलली. दीड वर्षानं लस टोचायला आलेली नर्स सहज बोलून गेली, "अहो, तुमच्या घरच्यांना तर जन्माच्या दिवशीच सांगितलंय. ही लेकरं अशीच असतात, सगळं उशिरानं शिकतात." बानाबाईनं घरी येऊन विचारलं. मुंजाबाला माहीत होतं. सासूला, म्हाळसाबाईला, माहीत होतं. थोरल्या दिराला, सूर्यभानला, माहीत होतं. एकट्या आईला माहीत नव्हतं.

"तुला तरास नको म्हनून," मुंजाबा म्हणाला होता.

ठकू अशी आहे याचं दुःख तिला पुढं फार दिवस टिकलं नाही. दीड वर्ष आपल्याला अंधारात ठेवलं, याचा राग मात्र कधी विझला नाही.

ठकू मोठी झाली. तीन वर्षं पहिलीत, दोन वर्षं दुसरीत बसली, पण शिकली. नाव लिहायची, शंभरापर्यंत मोजायची, भाकर थापायची, शेजारच्या शेळ्या बांधायची. कुणी रडत असलं की त्याच्याजवळ जाऊन बसायची, काही न बोलता. ठकूनंतर बानाबाईला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात पडलं. त्यानंतर सगळ्यांनी तो विषय सोडून दिला होता.

आणि त्र्याण्णव सालच्या दिवाळीआधी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बानाबाईला पुन्हा दिवस राहिले. तिला आधी वाटलं, पाळी जायचं वय झालं. डॉक्टर सिद्दिकीबाईंनी तपासलं आणि त्या हसल्या. जालना रोडला त्यांचा छोटा दवाखाना होता. कंपनीतल्या बायका त्यांच्याकडंच जायच्या. जानेवारी लागताच त्यांनी रक्त काढून मुंबईला पाठवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, रिपोर्ट आला.

"बानाबाई, घाबरू नका. पण मी काही छुपवून पण ठेवणार नाही," सिद्दिकीबाई म्हणाल्या. "तुमचं वय, पहिली मुलगी, आणि आता हे रक्त. धोका जास्त दिसतोय. तुमच्यासारख्या तीस बायका घेतल्या तर त्यांतल्या एकीचं मूल ठकूसारखं निघू शकतं."

"मंग बाकीच्या एकोनतीस?"

"त्यांची तशी नसतात."

"आन मी त्या एकोनतिसांतली का येकली, हे या कागदावरून कळत नाय?"

"नाही. रक्त फक्त अंदाज सांगतं. पक्कं कळायचं तर पोटात सुई घालून पाणी काढावं लागतं. बाळ ज्या पाण्यात असतं ना, ते पाणी. इथं होत नाही, पुण्याला जावं लागेल. आणि हे पण ऐका. सुईमुळं शंभरात एखादीचं बाळ पडतं. तुमचं तर आधीच दोनदा पडलंय."

बानाबाईनं रिपोर्टाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "आमच्या कंपनीत लॅबवाले हर ड्रममधून वीस गोळ्या नेत्यात आन फोडून बघत्यात. फुटल्या तं फुटल्या, ड्रममधी ढीगभर ऱ्हात्यात. माज्यापाशी तं एकच हाय, बाई."

सिद्दिकीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुदत किती हाय?" बानाबाईनं विचारलं.

"वीस आठवड्यांपुढं कायदा काही करू देत नाही. तुम्हाला सतरावा लागतोय. पुण्याहून उत्तर यायला तीन आठवडे लागतात. मंगळवारची वेळ मागून ठेवते. जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही गेलात तरी मी आहे, गेलात तरी आहे."

संध्याकाळी घरात तिळगुळाची तयारी चालली होती. ठकू चुलीपाशी सुपात तीळ निवडत बसली होती. सूर्यभान आला होता. थोरला दीर, कारखान्यांना मजूर पुरवायचा, चार माणसांत वजन होतं. बानाबाईनं म्हाळसाबाईला सगळं सांगितलं. म्हातारीनं कपाळाला हात लावला.

"आता आनिक एक ठकूसारखं नको गं बाई. देवा, तेवढं नको."

सुपातले तीळ हलायचे थांबले. ठकूनं मान वर केली.

"मंजी मी नको व्हते?"

तिचं बोलणं कधी जड यायचं, कधी अर्धं तुटायचं. त्या वेळी मात्र एकेक अक्षर साफ आलं. बानाबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"तू हवी व्हती. सहा वर्सं मागितली व्हती तुला खंडोबापाशी."

"मंग आजी कामून म्हनती?"

"आजीलाच इचार."

ठकू आजीकडं वळली आणि उत्तराची वाट बघत राहिली. तिला वाट बघायचा कंटाळा नव्हता. शेवटी ती म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, ठकूच्या समोर येऊन बसली आणि तिच्या सुपातले तीळ निवडायला लागली. ठकूनं सूप थोडं तिच्याकडं सरकवलं.

सूर्यभान मात्र अशा गोष्टींनी हलणारा नव्हता. संक्रांतीच्या सकाळी तो पुन्हा आला आणि ओट्यावर बसून मुंजाबाला, पण बानाबाईला ऐकू जाईल असं, म्हणाला, "पुन्याला कामून जायचं? आपल्या शहरात एक डाक्टर हाय. बिनबोभाट करतो. त्याच सुईत पोरगा का पोरगी तेबी सांगतो. येडं निघालं तरी, पोरगी निघाली तरी, एका खेपंत मोकळं."

थोरल्या दिरासमोर बानाबाई एकोणीस वर्षांत तोंड उघडून बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडानं. त्या दिवशी ती पदर सारखा करून दारात आली आणि सरळ त्याच्याकडं बघून बोलली.

"दादा, मोकळं कोन व्हनार? तुमी का मी?"

सूर्यभान मुंजाबाकडं बघत राहिला. मुंजाबा जमिनीकडं.

"तुमचा डाक्टर तुमच्यापाशी ठिवा. माज्या पोटात सुई घालायची का नाय, ते मी ठरवीन. आन पुन्याचे डाक्टर पोरगा-पोरगी सांगत नायत. कायद्यानं बंदी हाय. मी इचारून आले."

"सांगत नायत?" सूर्यभानचा आवाज एकदम उतरला. "मंग जायचं तरी कशाला एवढ्या लांब?"

म्हाळसाबाईनंही आतून दुजोरा दिला. "व्हय गं, मंग देवावर सोड. त्यानं जे दिलं ते दिलं."

बानाबाईला हसू आलं, आणि ते तिनं दाबलं नाही. "आत्ता सुई पाह्यजे व्हती. पोरगा कळत नाय म्हनल्यावर देव पाह्यजे!"

सूर्यभान चहा न पिता उठून गेला.

सगळ्यांत अवघड गेलं ते मुंजाबाशी बोलणं. तो ओरडणारा माणूस नव्हता. दुपारी ती भांडी घासत असताना तो जवळ येऊन उकिडवा बसला आणि काडीनं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "नको जाऊ. दोनदा पडलंय तुजं. सुईनं हेबी पडलं तर? तुलाच काय झालं तर? मला दुसरी ठकू चालंल."

"तुमाला चालंल," बानाबाई म्हणाली. "ठकूला न्हानीपाशी आजून कोन नेतं? तिला पाळी आली तव्हा कोन शिकवलं? रस्त्यानं पोरं चिडवत्यात तव्हा त्यांच्या घरी जाऊन कोन भांडतं? मी मेल्यावर ठकूचं काय व्हईल, या इचारानं मला झोप येत नाय. आन दोघी असल्या तर?"

"मंजी तसं निघालं तर तू..."

"ते मला आज म्हाईत नाय. खरं सांगते, म्हाईत नाय. कळल्यावर बघीन. पन कळायला पाह्यजे. ठकूच्या खेपंला तुमाला पयल्या दिवशी कळलं आन मला दीड वर्सानं. मी माज्या दुधाला दोस देत बसले. या खेपंला पयलं मला कळंल."

मुंजाबानं हातातली काडी मोडली. त्या दीड वर्षाबद्दल त्यानं कधी माफी मागितली नव्हती. तेव्हाही शब्दानं मागितली नाही. पण थोड्या वेळानं विचारलं, "किती दिवस लागतील? ठकूची वेनी कशी घालायची ते दाखवून ठिव."

त्याच दिवशी संध्याकाळी रेडिओवर खबर आली की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं. शहरात पोलिसांच्या गाड्या फिरायला लागल्या. कुठं फटाके, कुठं दारं बंद. सूर्यभान नावाला विरोध करणाऱ्यांत होता. त्यानं निरोप धाडला की घरातल्या कुणी आज पलीकडच्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही.

पलीकडच्या वस्तीत आवडाबाई राहायची. कंपनीत बानाबाईच्या शेजारच्या पट्ट्यावर कामाला, दहा वर्षांची मैत्रीण. अठ्ठ्याहत्तर साली या नावावरूनच दंगल पेटली तेव्हा परभणीकडच्या तिच्या गावात तिचं घर जाळलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती औरंगाबादेत आली होती. बानाबाईनं वाटीत तिळगूळ घेतला, वर रुमाल टाकला आणि सगळ्यांच्या देखत रस्त्यानं निघाली. सूर्यभानच्या माणसानं हटकलं, "कुठं निघालात?" तर म्हणाली, "सनाचं. तू येतो का?"

वस्तीत घरोघरी दिवे लावले होते, पोरं नाचत होती. आवडाबाई मात्र उंबऱ्यावर एकटी बसून रडत होती.

"आज कामून रडती गं?"

"सोळा वर्सं लागली, बाने. आमचा म्हातारा बघायला नाय." तिनं डोळे पुसले, तिळगूळ घेतला आणि बानाबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुजं काय बिनसलंय?"

बानाबाईनं सांगितलं. आवडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "कळलं तर काय करशील?"

"म्हाईत नाय."

"मंग कशाला जाती?"

"म्हाईत नाय म्हनूनच."

आवडाबाई उंबऱ्यावरून उठली. "चल, मी संगं येते. तुज्या घरचं कोन येनार नाय, ते मला दिसतंय."

शनिवार-रविवार एस्ट्या बंद होत्या. सोमवारी दुपारी पुण्याची पहिली गाडी सुटली, खिडक्यांना जाळ्या लावून. मुंजाबा ठकूला घेऊन स्टँडवर सोडायला आला होता. ठकूची वेणी एका बाजूला गेली होती आणि रिबीन उलटी बांधलेली होती, पण ती खूश होती. "बानं घातली," असं तिनं कंडक्टरलाही सांगितलं.

त्या दोघी येरवड्याला आवडाबाईच्या भाचीकडं उतरल्या आणि मंगळवारी सकाळी दवाखान्यात पोचल्या. खिडकीवरच्या कारकुनानं कागद पुढं केला. "नवऱ्याची सही लागेल. मालक कुठायत?"

"घरी हायत. लेकीची वेनी घालायला."

"मग कसं जमेल बाई? नवऱ्याच्या सहीशिवाय..."

"पोट माजं हाय. सही माजी घ्या."

मागं माणसं खोळंबली. आवाज वाढला तसे आतून डॉक्टर आले. पिकल्या केसांचे, संथ बोलणारे. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "बाईंची सही पुरते. त्यांनाच द्या." बानाबाईनं एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं. अक्षरं तिला मोठेपणी आली होती, ठकूचा अभ्यास घेता घेता.

डॉक्टरांनी तिला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, सुईचा धोकाही. आणि म्हणाले, "तास-दीड तास बाहेर बसा. नको वाटलं तर तशाच परत जा. कुणी काही म्हणणार नाही."

दोघी बाकावर बसल्या. आवडाबाईनं फडक्यातली भाकरी सोडली. बानाबाईनं घास घेतला पण तो तोंडात फिरत राहिला. मागं पडलेली दोन्ही तिला आठवली. दुसऱ्या वेळी ती कंपनीच्या बसमधून उतरत होती. शंभरात एक आणि तिसांत एक. कुठला आकडा मोठा, कुठला छोटा, हे तिला कळत होतं. पण दोन्हीकडं उभी असलेली ती एकटीच होती, आणि तिथं आकडा उपयोगाला येत नव्हता.

"घरी जायचं का?" आवडाबाईनं हळूच विचारलं.

"नाय," बानाबाई म्हणाली. "भ्याव वाटतंय. पन जायचं नाय."

टेबलावर झोपल्यावर नर्सनं तिला डोळ्यांवर हात ठेवायला सांगितलं. तिनं ठेवला नाही. पडद्यावर राखाडी सावलीत लेकरू लाथा झाडत होतं. डॉक्टर बोटानं जागा दाबून बघत होते. सुई लांब होती, मेंढरं टोचायच्या सुईहून बारीक. बानाबाईनं ती आत जाताना बघितली. कळ ओटीपासून पाठीपर्यंत गेली. नळीत फिकं पिवळं पाणी चढलं आणि डॉक्टर म्हणाले, "झालं. बाळाला लागलेलं नाही. बघा, हलतंय."

तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी लुगड्याला डाग दिसला. ती कुणाला काही बोलायच्या आधीच म्हाळसाबाईनं ओळखलं. म्हातारीनं खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, सुनेला आडवं केलं आणि तीन दिवस तिला उठू दिलं नाही. सूर्यभान दारात येऊन "मी सांगितलं व्हतं," असं म्हणायला लागला तर म्हातारीनं आतूनच त्याला झापलं, "तू आता घरी जा. बायांचं काम चालूय." तिसऱ्या दिवशी डाग थांबला. सिद्दिकीबाई घरी येऊन ठोके ऐकून गेल्या. पोटातलं जागेवर होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. या वेळी मुंजाबा बरोबर होता. सिद्दिकीबाईंनी पाकीट फोडलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "पेशीतली गुणसूत्रं सेहेचाळीस. जितकी असतात तितकीच. ठकूसारखं नाही."

मुंजाबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके द्यायला लागला. एवढं हलकं बानाबाईला कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी तिला घरी शेळ्यांना पाला घालत असलेली ठकू दिसली आणि त्या हलकेपणाची लाज वाटली.

"बाई, ठकूला किती असतील?" तिनं विचारलं.

"सत्तेचाळीस. एक जास्त."

"जास्त? कमी नाय?"

"नाही. जास्त."

"चौदा वर्सं मला वाटतंय, माज्या लेकीला काईतरी कमी पडलं," बानाबाई म्हणाली. "कुनी एवढं तरी सांगायचं व्हतं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं मुंजाबाला थांबवलं. "घरी काय आलं म्हनून कुनाला सांगायचं नाय. आन 'चांगलं आलं' असं तं तोंडातून काढायचंच नाय. हे चांगलं, तर ठकू काय?"

मुंजाबानं मान हलवली.

घरात शिरताच म्हाळसाबाई पुढं आली. "काय आलं गं?"

"लेकरू हाय, आत्याबाई. जित्तं हाय."

"चांगलं हाय ना?"

"लेकरू हाय," बानाबाईनं पुन्हा सांगितलं आणि ती हातपाय धुवायला गेली.

चार महिने गल्लीला कळलं नाही. बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून यायच्या, पोटाकडं बघायच्या, इकडून तिकडून विचारायच्या. कुणी म्हणालं, येडंच आहे, म्हणून तोंड मिटून बसलीय. कुणी म्हणालं, माज आलाय. सूर्यभाननं भावाला दोनदा आडवं घेतलं. मुंजाबा म्हणायचा, "तिला इचारा." आणि तिला विचारायची हिंमत सूर्यभानला होत नव्हती.

फक्त ठकूला सांगितलं होतं, कारण तिनं विचारलं होतं आणि बानाबाईनं तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. एका सकाळी वेणी घालून घेता घेता ठकू म्हणाली, "आई, पोटातलं माज्यासारखं हाय का?"

बानाबाईचा हात केसांतच थांबला. "नाय. तुज्यासारखं नाय."

ठकूनं बराच विचार केला. "मंग त्याला तीळ निवडाया मी शिकवीन," ती म्हणाली. "कुनाला सांगू नको?"

"नको सांगू."

ठकूनं सांगितलं नाही. बायकांनी तिला गोड बोलून, पेढा देऊन विचारलं. ती पेढा खायची आणि मान हलवायची. तिच्या पोटात काही राहत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या उन्हाळ्यात सगळी गल्ली खोटी पडली.

जूनच्या शेवटी बानाबाई बाळंत झाली. मुलगी. सिद्दिकीबाईंनी तिला उचलून दाखवली. बानाबाईनं आधी दोन्ही हात बघितले, मग डोळे, मग सरळ छातीशी घेतली. मुलगी झाली म्हणून सूर्यभान बारशाला आला नाही. म्हाळसाबाईनं मात्र घुगऱ्या शिजवल्या, पाळणा बांधला आणि नाव कानात सांगायला ठकूला पुढं केलं. ठकूनं वाकून एवढ्या जोरात "केसर!" म्हटलं की पाळण्यातली दचकून रडायला लागली. बाया हसल्या आणि ठकूही हसली. आवडाबाई पाळण्याच्या दोरीपाशी बसली होती. म्हाळसाबाईच्या घरात ती पहिल्यांदाच आत, चुलीपर्यंत आली होती. म्हातारीनं तिला काही म्हटलं नाही. फक्त तिच्या हातात घुगऱ्यांचं ताट दिलं, वाटायला.

पुढं केसर शिकली, नर्स झाली. ठकू तिच्या लग्नात मिरवली. चाळिशीच्या आत ठकूचं काळीज दगा द्यायला लागलं आणि ती गेली. आवडाबाई खांद्याला हात लावून बसली होती तरी बानाबाई वर्षभर कुणाशी नीट बोलली नाही. हे सगळं नंतरचं.

त्यानंतर एकदा गल्लीतली आशाबाईची सून तिच्याकडं आली. दुसऱ्या खेपेची, हातात असलाच कागद, डोळे सुजलेले. घरचे म्हणत होते एक आणि माहेरचे दुसरं. तिनं बानाबाईला विचारलं, "मावशी, तुमचं तसं निघालं असतं तर तुमी काय केलं असतं?"

बानाबाई तेव्हा सत्तरीला टेकली होती. ती मेथी निवडत होती, ती थांबली.

"म्हाईत नाय, पोरी. तव्हाबी म्हाईत नव्हतं, आजबी नाय. ठकूसाठी जीव दिला असता. दुसरी ठकू घेतली असती का, देव जानं. लोक दुसऱ्याच्या पोटाबद्दल लई पक्कं बोलत्यात. ज्याच्या पोटात असतं त्यालाच पक्कं सांगता येत नाय."

"मग मी काय करू?"

"ते तुजं तू ठरव. माज्या नादानं नको, सासूच्या नादानं नको." तिनं मेथीची जुडी बाजूला सारली आणि पदराला हात पुसले. "डाक्टरकडं कव्हा जायचंय?"

"उद्या, अकरा वाजता."

"मी संगं येते," बानाबाई म्हणाली. "आत तू एकली जा. पन बाहीर बाकावर कुनीतरी असावं."